चुंबक लावून पाहा

साखरखेर्डा
४ नोव्हेंबर २०२४

विमल,

तुझ्या वहिनीचा आशीर्वाद घे आणि आधी चष्मा शोध, कारण पत्र लांब आहे. तुझा दादा असता तर म्हणाला असता, "अन्नपूर्णा पत्र लिहायले बसली, म्हणजे काहीतरी बिनसलं." तर बिनसलं आहे.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दूध तापायला ठेवलं आणि मागच्या अंगणात दोडक्याच्या वेलाला काठी बांधायला गेले. दूध उतू गेलं, जाळ विझला आणि गॅस तसाच चालू राहिला. मला गेल्या दहा वर्षांपासून कमी ऐकू येतं आणि आता जवळपास येतच नाही, म्हणून तर आपलं फोनवर जमत नाही. त्यात सर्दी झालेली, वास कुठून येणार? शेजारची काजल धावत आली आणि खिडक्या उघडत सुटली. मग माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "काकू, अख्ख्या गल्लीत गॅसचा वास येऊन राह्यला ना!" ओठ पाहिले तेव्हा कळलं.

काजलनं शेखरला फोन केला, आणि तिथून माझी साडेसाती सुरू झाली. दिवाळीला शेखर पुण्याहून आला तो एक चपटी काचेची शेगडी घेऊन. गॅसची टाकी एजन्सीत देऊन टाकली. काल भाऊबीजेचं जेवण झाल्यावर मला समोर बसवलं. "आई, ही लाइटवरची शेगडी. इच्यावर जाळ नाही, भांडं उचललं का आपोआप बंद. मी संक्रांतीले येतो. तोवर तुले इच्यावर सैपाक जमला तर राह्य इथं. नाही जमला तर माह्यासंग पुण्याले चाल. मले तिथं चैन नाही पडत आता."

पोराचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण विमल, पुण्याला मी दोन महिने राहून आले आहे. सून अर्पिता लाखात एक. तरी तिथं सगळे कामं करता करता बोलतात, पाठ करून, दुसऱ्या खोलीतून. मला काही कळत नाही, मग मी हसून मान हलवते. दोन महिने मी नुसती मान हलवली. इथं गिरणीवाला गुलाबरावसुद्धा पट्टा थांबवून समोर येऊन बोलतो. माझं घर म्हणजे ही माणसं आहेत, आणि ती पुण्याला नेता येत नाहीत.

तेव्हा ही शेगडी मला जमलीच पाहिजे. शेखर शिकवायला बसला तेव्हा नेमकी लाइट गेली, त्यामुळे सगळं कोरडंच शिकवलं. आज पहाटे तो गेला. मी दुधाचं भांडं ठेवलं, आपला ॲल्युमिनियमचा, जर्मनचा गंज. लाल अक्षर उठलं, लुकलुकलं आणि शेगडी बंद. पितळी पातेलं ठेवलं, तेच. काजल म्हणते ती तेव्हा वाजतेसुद्धा. मला काय उपयोग? काजल एवढंच सांगून कापूस वेचायला गेली की, "स्टीलचं भांडं लागते, काकू."

तुझ्याकडे ही शेगडी तीन वर्षांपासून आहे. तिला कोणतं भांडं चालतं, कोणतं नाही आणि का नाही, ते सविस्तर लिही. कारण कळल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट जमत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझी
अन्नपूर्णावहिनी


रोहिणखेड
११ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते आणि उचलून लगेच कामाला लागते.

गॅसचं वाचून अंगावर काटा आला. काजलचं भलं होवो.

प्रेरणानं मला ही शेगडी घेऊन दिली तेव्हा लेकीला वाटलं आई खूश होईल. मी पंधरा दिवस तिच्यावर संशय घेतला. जाळ नाही तर ऊब कुठून येते? मग मी प्रयोग केला. शेगडीवर वर्तमानपत्राचा कागद पसरला, कागदावर पाण्याचं भांडं ठेवलं. पाणी खदखदा उकळलं आणि कागद जसाच्या तसा, त्यावरचे सोयाबीनचे भावसुद्धा वाचता येत होते. आमचे नारायणराव दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, "विमल, हे भुताटकी हाय. मी जेवणार नाही इच्यावरचं." आणि चार भाकरी खाऊन उठले. (तुम्ही मात्र कागद ठेवू नका. मी वेडी आहे, तुम्ही शहाण्या.)

मग प्रेरणाच्या नवऱ्याला खोदून खोदून विचारलं. मला समजलं ते असं. ही शेगडी स्वतः तापतच नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. ते वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडालाच तापायला लावतं. काच तापते ती उलट भांड्यामुळे. म्हणजे सगळा खेळ भांड्यावर आहे. जर्मन, पितळ, तांबं, माती ही हिच्या लेखी नसल्यातच जमा. वर काही ठेवलंय हेच तिला कळत नाही, म्हणून ती लुकलुकते आणि बंद पडते. शिवाय बुड सपाट पाहिजे आणि तळहाताहून रुंद पाहिजे. खोलगट बुडाचं भांडं वर डुलत राहतं आणि मधल्यामधे जळतं.

आता स्टीलचं. काजल म्हणाली ते अर्धं खरं आहे, कारण स्टील-स्टीलमध्ये फरक असतो. प्रत्येक भांड्याला चुंबक लावून पाहा आणि मग निवडा. तुमच्याकडे भांडी थोडीथोडकी नाहीत. लग्नातली आहेत, वास्तूची आहेत, शेखरच्या बारशातली आहेत. माळ्यावरचीही काढा, एकही सोडू नका. आणि कोणतं भांडं कोणाकडून आलं ते नाव वाचून मला कळवा. मला फार उत्सुकता आहे.

दोडक्याचा वेल अजून आहे हे वाचून बरं वाटलं. त्या दोडक्याची चव इकडे मिळत नाही.

तुमची
विमल


साखरखेर्डा
२० नोव्हेंबर २०२४

विमल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेगडी तापत नाही, भांडंच तापतं, हे मला इतकं आवडलं की येईल त्याला सांगत सुटले. गल्लीतल्या सिंधूताईला सांगितलं तर ती म्हणे, "तुले बरं नाही का वं?"

चुंबक कुठून आणायचं हा प्रश्न होता. मग आठवलं, गुलाबराव गिरणीत धान्य टाकायच्या तोंडाशी मोठं चुंबक ठेवतो, ज्वारीत खिळा-टाचणी आली तर अडकावी म्हणून. मागायला गेले तर समोर येऊन हात जोडले त्यानं. "काकू, चुंबक तुमी नेऊन राह्यल्या आन् पिठात खिळा निंघाला, तर गिऱ्हाईक मले धरीन ना!" शेवटी दुपारी गिरणी बंद असते तेवढा वेळ देतो म्हणाला. रोज बारा ते तीन चुंबक माझं.

तीन दिवस चाललं. मांडणी रिकामी केली, माळा उपसला, अंगणात सगळी भांडी मांडली. त्रेचाळीस भरली. नावं वाचता वाचता वेळ कसा गेला कळलं नाही. दोन भांडी कोणी दिली ती माणसंच आठवेनात. एका परातीवर भलत्याच गावच्या पाटलांचं नाव, कुठल्या पंगतीतून अदलाबदल झाली कोण जाणे. आणि एक ताट निघालं सिंधूताईच्या नावाचं! गेली कितीतरी वर्षं ती त्या ताटासाठी अख्ख्या गल्लीवर संशय घेते. मी ते पदराआड नेऊन तिच्या ताटाळ्यात सरकवून आले. आता ती भुताटकी म्हणेल, तुझ्या नारायणरावांसारखी.

चुंबकाचं मात्र तू मला शिकवायला नको होतं. माझ्या लग्नाची भांडी घेताना दुकानदारानं आमच्या बाबांपुढे एकेकाला चुंबक लावून दाखवलं होतं. घसरलं तर अस्सल स्टील, चिकटलं तर पत्रा. तेव्हापासून भांडं घ्यायचं तर मी चुंबक लावल्याशिवाय घेत नाही. या वेळीही तसंच केलं. जर्मन आणि पितळ वगळून, रुंद आणि सपाट बुडाची, चुंबक झर्रकन घसरेल अशी सात भांडी निवडली. एकाहून एक. घासून पुसून शेगडीशेजारी रांगेत ठेवली आहेत.

चिकटणारी बाजूला सारली. कढई आणि तवा तर लोखंडाचे, त्यांना चिकटणारच. पण माळ्यावर चुना कालवायचा एक गंज आहे, त्याला चुंबक असं चिकटलं की दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं! वर काहीतरी नाव आहे, चुन्यानं बुजलं आहे. कोणी दिला कोण जाणे. देणाऱ्याला दुकानदारानं चांगलंच गंडवलं असणार.

आज सकाळपासून लाइट नाही. उद्या आली की माझी सात रत्नं एकेक करून चढवते आणि तुला कळवते.

तुझी
अन्नपूर्णावहिनी


साखरखेर्डा
३० नोव्हेंबर २०२४

विमल,

तुझं उत्तर आलं नाही. तब्येत बरी आहे ना?

सातही भांडी नापास झाली. एकेक ठेवलं, बुड पुसलं, फिरवून ठेवलं, पाणी भरून ठेवलं. लाल अक्षर लुकलुकतं आणि शेगडी बंद पडते. मी चार दिवस हेच केलं. तुझं वेटोळ्याचं कारण मला कळलं, भांडी मी निवडून घेतली, तरी जमत नाही. याचा अर्थ एकतर शेगडी बिघडली किंवा मी.

काजलनं शेखरला फोन लावून त्याचं तोंड मला पडद्यावर दाखवलं. मी म्हटलं, शेगडी बिघडली आहे. तो म्हणाला, "आई, दुकानात समोर पाणी उकळून पाह्यलं मी. शेगडी चांगली हाय." मग काजलला विचारलं, सध्या आई जेवते कशावर? ती बिचारी खरं बोलली. मी मागच्या अंगणात तीन दगड मांडून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाकरी करते आहे. ते ऐकून त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "आता संक्रांत नाही आन् काही नाही. मी पंधरा डिसेंबरले येतो. तुले तयार राहा लागते." आणि त्याचे डोळे भरले, ग. चाळिशीला आलेला माणूस, ऑफिसच्या जिन्यात उभा राहून रडत होता.

मला जायचं नाही, विमल. हे त्याला सांगता आलं नाही म्हणून तुला सांगते. काल बाजारातून येताना वाटेत सात जणं भेटली, सातही जणं समोर उभी राहून, हात हलवून, सावकाश बोलली. त्यांना कोणी शिकवलं नाही. मी हळूहळू बहिरी होत गेले तशी तीही हळूहळू शिकत गेली. आता पुण्यात कोण एवढी दहा वर्षं घालवणार?

सोबत दोडक्याचं बी पाठवते आहे, पुडीत गुंडाळून. वेल आता वाळला. तुला ती चव आवडते, तर तुझ्या अंगणात लाव. इथं पुढच्या पावसाळ्यात लावायला कोणी नसेल.

तुझी
अन्नपूर्णावहिनी


रोहिणखेड
५ डिसेंबर २०२४

वहिनी,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. आधी हे वाचा, बाकीचं नंतर.

चुंबक चिकटतं तेच भांडं चालतं. घसरतं ते चालत नाही.

दुकानात जे अस्सल म्हणून मिरवतं ते या शेगडीला दिसत नाही, आणि ज्याला आपण पत्रा म्हणतो त्यालाच ती तापवते. तीन वर्षांपूर्वी माझीही अस्सल भांडी अशीच नापास झाली होती. म्हणजे मला हे माहीत होतं. पहिल्या पत्रात चुंबकाच्या पुढे हे एक वाक्य लिहायचं होतं. मी विसरले नाही, वहिनी. मी लिहिलं नाही.

चुना कालवायचा तो गंज माझा आहे.

शेखरच्या बारशाला दिला होता मी. माझ्या लग्नाला वर्षच झालं होतं, घरात सासूची सत्ता, हातात काही नाही. तेव्हा महिनाभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला आणि मोताळ्याच्या बाजारातून तो गंज घेतला. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा होता. बाळाच्या कानात शेखर म्हटलं, बायांनी पाठीत बुक्के घातले, मी हसून हसून बेजार झाले. मग बाळ रडायला लागलं म्हणून त्याला घेऊन आतल्या खोलीत गेले. बाहेर तुम्ही आहेर पाहत होता. दादाच्या फुटक्या रेडिओतलं चुंबक तुमच्या हातात होतं. ते माझ्या गंजाला चिकटलं आणि तुम्ही म्हणालात, "पाहा वं बायांनो, आमच्या विमलबाईनं भाच्याले पत्रा आणला!" सगळ्या हसल्या. मी बाळाला घेऊन दाराआड उभी होते.

अडतीस वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही माझ्या आजारपणात येऊन महिनाभर राहिलात, दादा गेला तेव्हा मला कवेत घेऊन बसलात, हे सगळं मला आठवतं. तरी ते एक वाक्य जात नव्हतं. तुम्ही भांड्यांचं विचारलंत तेव्हा मला वाटलं, सगळ्या घराला चुंबक लावायला लावावं, म्हणजे तो गंज हातात आला की तुम्हाला आठवेल. बाकी काही मनात नव्हतं. सात भांडी चुकीची निवडाल असं वाटलं नव्हतं, पण वाटायला हवं होतं. ते दुकानदाराचं गणित मलाही पाठ आहे.

तुमचं वीस तारखेचं पत्र मला पंचवीसला मिळालं. चूक त्याच मिनिटाला कळली. प्रेरणाकडे काजलचा नंबर आहे, एक फोन पुरला असता. पण चुन्याचं वाचलं आणि तुमचं पत्र पिठाच्या डब्याखाली घालून ठेवलं. नऊ दिवस. काल तुमचं पुढचं पत्र आलं आणि दोडक्याचं बी हातात पडलं. मग मला राहवलं नाही, नारायणरावांना सगळं सांगितलं. ते कधी मला बोलत नाहीत. काल म्हणाले, "एका गंजापायी वहिनीले घराबाहेर काढतं का वं?"

हे पोस्टात टाकत नाही. फोनवर काजलच्या तोंडून हे तुम्हाला कळावं, असंही नको होतं. नारायणराव उद्या पहिल्या एसटीनं निघतात, बुलढाण्याहून चिखलीमार्गे दुपारपर्यंत तुमच्या हातात देतील. मी येत नाही. मला तोंड नाही.

आता दहा दिवसांत काय करायचं ते ऐका. कढई चालेल, बुड सपाट असेल तर. तवा खोलगट असेल, तो लोहाराकडून ठोकून सपाट करून घ्या. भाकरी जाळावर टाकता येत नाही, तेव्हा उलटली की स्वच्छ फडक्यानं कडेकडेनं दाबायची, तव्यावरच टम्म फुगते. पहिल्या दहा बिघडतील, बिघडू द्या. शेगडी वाजते ते तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून अक्षराकडे पाहा. लुकलुकलं तर भांडं नापास, आकडा स्थिर राहिला तर पास. आणि तो गंज ठेवला असेल तर चिंचेच्या कोळानं घासा. चुना चिंचेनं निघतो.

माफी मागायची का, ते मला ठरवता येत नाही. पण तुम्ही ते घर सोडू नका.

विमल


साखरखेर्डा
१७ डिसेंबर २०२४

विमल,

तुझं पत्र नारायणरावांनी हातात दिलं आणि स्वतः मागच्या अंगणात जाऊन वालाच्या शेंगा निरखत बसले. तेव्हाच ओळखलं, आत काहीतरी आहे आणि त्यांना ते ठाऊक आहे.

आधी तुझा राग आला. खोटं कशाला सांगू? माझं घर जायला निघालं होतं आणि तू पत्र डब्याखाली घालून बसली होतीस. मग पुढचं वाचलं. ते बारसं मला आठवतं. तुझं निळं पातळ आठवतं, बुक्के खाताना तू कशी वाकली होतीस ते आठवतं. पण ते वाक्य मला आठवत नाही. दोन दिवस डोकं खाजवलं. तू अडतीस वर्षं विसरली नाहीस ते मला एक दिवससुद्धा लक्षात राहिलं नाही, याची मला फार लाज वाटली. त्याहून लाज वीस तारखेच्या पत्रात लिहिलेल्या त्या गंडवण्याच्या ओळीची. म्हणजे म्हातारी झाले तरी जीभ तीच.

नारायणरावांना जेवू घालून पाठवलं आणि चिंच भिजत घातली. दोन दिवस घासत होते. आधी एक काना दिसला, मग एक वेलांटी, मग पूर्ण ओळ. "चि. बाळास आत्याकडून, सौ. विमल, रोहिणखेड." माळ्यावरून तो गंज कितीतरी वेळा खाली आला असेल, आणि मी त्यात चुना ओतला.

पाणी भरून शेगडीवर ठेवला. डोळे अक्षरावर. आकडा उठला आणि स्थिर राहिला. बुडाशी बारीक बुडबुडे आले, मग मोठे, मग सगळं पाणी उसळायला लागलं. उकळायचा आवाज मी किती वर्षांत ऐकला नाही, पण त्या दिवशी हात गंजाच्या कानाला लावला तर हाताला थरथर कळली. (भाजलं. कळलं ते बरं झालं.) मी काजलला कापसातून बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "काकू, चुन्याचा गंज पहिला नंबर आला ना!"

तवा अर्जुनराव लोहारानं ठोकून दिला. पहिल्या दहा नाही, चौदा भाकरी बिघडल्या. त्या गुलाबरावच्या म्हशीनं खाल्ल्या. पंधरावी फुगली.

आता पंधरा तारखेचं. शेखरच्या बारशातल्या त्या हसणाऱ्या बायांपैकी तिघी अजून आहेत. सिंधूताईसकट तिघींना जेवायला बोलावलं. शेखर दुपारी आला, हातात मोठी रिकामी बॅग. मी त्याला काही बोलू दिलं नाही. म्हटलं, आधी बस. त्याच्यासमोर तुझ्या गंजात वरण शिजवलं, कढईत वांगी केली, तव्यावर भाकरी टाकल्या. एकदा अक्षर लुकलुकलं, मी लगेच कढई सरकवून मधोमध ठेवली. शेखर ते पाहत होता.

ताटं वाढली आणि जेवायच्या आधी गुलाबरावचं चुंबक काढलं. गंजातलं वरण दुसरीकडे ओतून तो सगळ्यांच्या मधे ठेवला आणि चुंबक लावलं. हाताला खट् लागलं. मग म्हटलं, "बायांनो, याच गंजाले मी शेखरच्या बारशात पत्रा म्हटलं होतं. विमल दाराआड उभी राहून ऐकत होती. माह्या घरातल्या त्रेचाळीस भांड्यांत हाच गंज पहिले कामी आला. मी चुकली होती." मग सिंधूताई म्हणाली, "मी बी हासली होती वं त्या दिवशी." आणि पदर डोळ्याला लावला. चारचौघींत बोलले होते, म्हणून चारचौघींतच परत घेतलं. तुला दाराआडून ऐकता आलं नाही एवढंच वाईट वाटतं, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

शेखर बराच वेळ गंज हातात घेऊन नाव वाचत होता. माझ्याकडे पाठ करून काहीतरी बोलला असावा, कारण सिंधूताईची मान हलली. मला काय कळणार? मग त्याच्या लक्षात आलं. उठला, वळसा घालून माझ्यासमोर येऊन बसला आणि सावकाश बोलला, काजल बोलते तसा. "आई, बॅग रिकामी नेऊ का? वालाच्या शेंगा भरून दे तिच्यात." मला एका बोलण्यात समजलं, पण पुन्हा ऐकावंसं वाटलं म्हणून दोनदा म्हणायला लावलं.

रोज संध्याकाळी काजलच्या फोनवर तोंड दाखवायचं, एवढी अट आहे. ती मी मान्य केली.

दोडक्याचं बी परत पाठव. निम्मं ठेव, निम्मं पाठव. मला पावसाळ्यात लागणार आहे. आणि माफीचं तुला ठरवता येत नव्हतं ना? ती तू मागायची नाही. ती मी मागते आहे. संक्रांतीला ये.

तुझी
अन्नपूर्णा


रोहिणखेड
२६ डिसेंबर २०२४

वहिनी,

तुमचं पत्र नारायणरावांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण मला अर्ध्यावर दिसेनासं झालं. चारचौघींचं त्यांनी दोनदा वाचलं, मी न सांगता.

काल प्रेरणाच्या फ्रिजवरचं चुंबक मागवून घेतलं आणि एक प्रयोग राहिला होता तो केला. माझ्या लग्नात तुम्ही मला एक डबा दिला होता, झाकणावर तुमचं आणि दादाचं नाव घातलेला. त्याला चुंबक लावलं. झर्रकन घसरलं. अस्सल आहे, वहिनी. शेगडीवर काडीचाही उपयोग नाही त्याचा. एवढी वर्षं तुमच्यावर रुसले होते, पण तो डबा मांडणीवरून कधी मागे सारला नाही, हे मला काल हातात घेतल्यावर कळलं. त्यात मी गूळ ठेवते.

संक्रांतीला त्याच डब्यात तिळगूळ भरून आणते. निम्मं बीही घेऊन येते. या वेळी दाराआड उभी राहणार नाही, सरळ आत येईन. तेवढा माझा गंज पुढच्या रांगेत ठेवा, नाव दाराकडे करून.

तुमची
विमल